औद्योगिक स्वयंचलन उपकरणांवरील मॉडेल व आवृत्ती संकेत

औद्योगिक स्वयंचलन उपकरणांवरील मॉडेल व आवृत्ती संकेत म्हणजे पीएलसी, ड्राइव्ह, सेन्सर, इनपुट-आउटपुट मॉड्यूल इत्यादी उपकरणांच्या लेबलवर छापलेले, उपकरणाचा प्रकार, त्याची घडण, त्यातील फर्मवेअर आणि त्या विशिष्ट नगाची ओळख सांगणारे अक्षर-अंकसमूह होत. कारखान्यातील बोलीत या सगळ्यांना सरसकट ‘पार्ट नंबर’ म्हटले जात असले, तरी त्यांतील प्रत्येक संकेत वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. बंद पडलेल्या उपकरणाच्या जागी दुसरे बसेल की नाही, हे कोणत्या संकेतात फरक आहे यावर ठरते.

हे संकेत मुळात रोमन लिपीत छापलेले असतात. या लेखात त्यांतील अक्षरे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

## पार्श्वभूमी

पिंपरी-चिंचवड व चाकण हा पुणे जिल्ह्यातील औद्योगिक पट्टा अनेक टप्प्यांत वाढला. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) स्थापना झाल्यानंतर भोसरी, चिंचवड व आकुर्डी परिसरात वाहन आणि अभियांत्रिकी उद्योग वाढले. २००९ मध्ये चाकण परिसरात फोक्सवागन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. या मोठ्या कारखान्यांभोवती त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मध्यम उद्योगांचे दाट जाळे आहे.

अशा पट्ट्यात एकाच छताखाली वेगवेगळ्या देशांतून व वेगवेगळ्या दशकांत आलेली यंत्रे शेजारी-शेजारी चालताना दिसतात. जपानी यंत्रावर मित्सुबिशी किंवा ओम्रॉनचा पीएलसी, जर्मन यंत्रावर सीमेन्सचा, अमेरिकी यंत्रावर अ‍ॅलन-ब्रॅडलीचा असतो, तर स्थानिक यंत्रनिर्मात्याने त्याला परवडणाऱ्या कंपनीचे उपकरण बसवलेले असते. स्वयंचलन उपकरणांचा व्यवसायही या पट्ट्यात रुजलेला आहे. भोसरी एमआयडीसीतील मेसुंग समूह हा भारतीय बनावटीचे पीएलसी तयार करणाऱ्या आरंभीच्या उद्योगांपैकी एक होता. मित्सुबिशी इलेक्ट्रिकने २०१२ मध्ये या समूहातील कंपन्यांचे अधिग्रहण जाहीर केले.

प्रत्येक उत्पादकाची संकेतपद्धती स्वतंत्र आहे. त्यामुळे एका कंपनीच्या लेबलवरून शिकलेला नियम दुसऱ्या कंपनीच्या लेबलला लावता येत नाही. संकेतांचे मूळ घटक मात्र सर्वत्र सारखे आहेत.

## संकेतांचे चार घटक

औद्योगिक उपकरणाच्या ओळखीत सामान्यतः पुढील चार घटक असतात :

* मॉडेल किंवा ऑर्डर क्रमांक – उपकरण कोणत्या प्रकारचे आहे हे सांगतो. खरेदी याच क्रमांकाने होते.
* हार्डवेअर आवृत्ती – त्याच मॉडेलच्या घडणीत उत्पादकाने केलेली सुधारणा सांगते. ‘रिव्हिजन’, ‘सीरिज’ आणि ‘व्हर्जन’ अशा वेगवेगळ्या नावांनी ती छापली जाते.
* फर्मवेअर आवृत्ती – उपकरणात कायम साठवलेल्या मूळ प्रणालीची आवृत्ती. उपकरण न बदलता ती बदलता येते.
* अनुक्रमांक (सीरियल नंबर) – त्या एकाच नगाची ओळख. हमी, दुरुस्ती व उत्पादनातील दोषाचा शोध यांसाठी तो वापरला जातो.

पहिले तीन घटक समान असलेली अनेक उपकरणे असू शकतात. चौथा घटक मात्र प्रत्येक नगासाठी निराळा असतो. दुरुस्तीसाठी पाठवलेलेच उपकरण परत आले की नाही, याची खात्री अनुक्रमांकानेच होते.

## मॉडेल क्रमांकाची रचना

### पीएलसी

सीमेन्सच्या ऑर्डर क्रमांकासाठी ‘यंत्राला वाचता येईल असे उत्पादन-नाम’ या अर्थाच्या जर्मन शब्दांचे ‘एमएलएफबी’ हे आद्याक्षररूप रूढ आहे. ‘६ईएस७ २१४-१एजी४०-०एक्सबी०’ हा एस७-१२०० मालिकेतील सीपीयू १२१४सी या नियंत्रकाचा क्रमांक आहे. त्यातील ‘६ईएस७’ हा भाग सिमॅटिक एस७ उत्पादनगट दाखवतो आणि ‘२१४’ वरून सीपीयूचा प्रकार कळतो. ‘१ए’ असल्यास वीजपुरवठा, इनपुट व आउटपुट तिन्ही डीसी असतात. त्या जागी ‘१बी’ असल्यास पुरवठा एसी व आउटपुट रिले, तर ‘१एच’ असल्यास पुरवठा डीसी व आउटपुट रिले असते. ‘एजी’ऐवजी ‘एएफ’ आल्यास तोच नियंत्रक सुरक्षा-कार्यांसाठीचा १२१४एफसी ठरतो. एका अक्षराने येथे उपकरणाचा वर्गच बदलतो.

मित्सुबिशीच्या ‘एफएक्स३यू-३२एमआर/ईएस’ या क्रमांकात ‘३२’ ही इनपुट व आउटपुट बिंदूंची एकूण संख्या आहे, ‘एम’ म्हणजे मुख्य युनिट आणि ‘आर’ म्हणजे रिले आउटपुट. ‘आर’च्या जागी ‘टी’ असल्यास आउटपुट ट्रान्झिस्टरचे असते. ‘ईएस’ म्हणजे एसी पुरवठा आणि ‘डीएस’ म्हणजे डीसी पुरवठा. ट्रान्झिस्टर आउटपुटच्या मॉडेलांत ‘ईएस’ हे सिंक, तर ‘ईएसएस’ हे सोर्स प्रकारचे आउटपुट दर्शवते.

ओम्रॉनच्या ‘सीपी१ई-एन३०डीआर-ए’ या क्रमांकात ‘३०’ ही बिंदूंची संख्या, पुढचे ‘डी’ म्हणजे डीसी इनपुट, ‘आर’ म्हणजे रिले आउटपुट आणि शेवटचे ‘ए’ म्हणजे एसी पुरवठा. अ‍ॅलन-ब्रॅडलीच्या ‘१७५६-आयबी१६’ मध्ये ‘१७५६’ हे कंट्रोललॉजिक्स मालिकेचे अंक आहेत, ‘आय’ म्हणजे इनपुट, ‘बी’ म्हणजे डीसी व्होल्टता आणि ‘१६’ म्हणजे बिंदूंची संख्या. ‘१७५६-आयए१६’ हे एसी इनपुटचे मॉड्यूल आहे.

रिले आणि ट्रान्झिस्टर यांतील फरक व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. रिलेचे आउटपुट एसी व डीसी दोन्ही भार चालू-बंद करू शकते. पण त्याचे संपर्क झिजतात आणि वेग मर्यादित असतो. ट्रान्झिस्टर आउटपुट फक्त डीसी भारासाठी असते. मात्र ते अतिशय जलद असते. एफएक्स३यू मालिकेच्या ट्रान्झिस्टर मॉडेलमधून सर्व्हो किंवा स्टेपर मोटरसाठी १०० किलोहर्ट्झपर्यंत स्पंदने देता येतात. रिले मॉडेल हे काम करू शकत नाही. उलट, २३० व्होल्ट एसी कॉइलचा कॉन्टॅक्टर थेट ट्रान्झिस्टर आउटपुटला जोडल्यास ते आउटपुट निकामी होते.

### ड्राइव्ह

मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या ड्राइव्हच्या (व्हीएफडी) क्रमांकात सहसा क्षमता, व्होल्टता व बांधणी यांची माहिती असते. श्नायडरच्या ‘एटीव्ही३२०यू१५एन४बी’ मध्ये ‘यू१५’ म्हणजे १.५ किलोवॅट, ‘एन४’ म्हणजे ३८० ते ५०० व्होल्ट त्रिकला पुरवठा आणि ‘बी’ म्हणजे पुस्तकासारखी अरुंद, उभी बांधणी. ‘एटीव्ही३२०यू१५एम२सी’ हा ड्राइव्हही १.५ किलोवॅटचाच आहे; परंतु ‘एम२’मुळे तो २०० ते २४० व्होल्टच्या एककला पुरवठ्यासाठी आहे. भारतातील कारखान्यांत त्रिकला पुरवठा रूढ अर्थाने ४१५ व्होल्टचा धरला जातो. तो या दुसऱ्या ड्राइव्हला दिल्यास ड्राइव्ह नष्ट होईल. केवळ ‘दीड किलोवॅटचा ड्राइव्ह’ अशी मागणी नोंदवणे म्हणूनच अपुरे ठरते.

एबीबीच्या ‘एसीएस५५०-०१-०१२ए-४’ या क्रमांकात किलोवॅटऐवजी विद्युतप्रवाह दिलेला असतो. ‘०१’ म्हणजे भिंतीवर बसवण्याची बांधणी, ‘४’ म्हणजे ३८० ते ४८० व्होल्ट, तर ‘०१२ए’ हा अँपियरमधील प्रवाह पूर्णांकात दाखवतो. सामान्य वापरासाठी प्रत्यक्ष मूल्य ११.९ अँपियर असून ते ५.५ किलोवॅटच्या मोटरला अनुरूप आहे. जड भाराच्या वापरासाठी याच ड्राइव्हची मर्यादा ८.८ अँपियर, म्हणजे ४ किलोवॅटच्या मोटरइतकी आहे. संकेतातील ‘१२’ हा आकडा किलोवॅट समजून वाचल्यास निवड पूर्णपणे चुकते.

### सेन्सर

पेपर्ल+फुक्सच्या ‘एनबीबी४-१२जीएम५०-ई२’ या इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सरमध्ये ‘४’ हे मिलिमीटरमधील संवेदन-अंतर, ‘१२’ हा आट्यांचा व्यास आणि ‘५०’ ही लांबी आहे. ‘एनबीबी’ म्हणजे धातूत सपाट बसवता येणारा, तर ‘एनबीएन’ म्हणजे टोक धातूबाहेर मोकळे ठेवावे लागणारा सेन्सर. ‘ई२’ हे पीएनपी प्रकारचे व सामान्यतः उघडे आउटपुट दाखवते. ‘ई०’ असल्यास ते एनपीएन असते.

युरोपीय यंत्रांवर पीएनपी, तर जुन्या जपानी यंत्रांवर एनपीएन सेन्सर अधिक आढळतात. दोन्ही प्रकारची यंत्रे असलेल्या कारखान्यात बाहेरून हुबेहूब दिसणारे हे सेन्सर साठ्यात एकमेकांत मिसळण्याची शक्यता असते. चुकीचा सेन्सर बसवल्यास धातू समोर येताच त्यावरील दिवा लागतो, पण पीएलसीच्या इनपुटला संकेत पोहोचत नाही. त्यामुळे दोष पीएलसीत किंवा वायरिंगमध्ये असल्याचा भास होतो.

### विशेष आवृत्त्या

दमट हवा, कुलंटची वाफ, रंगकामाच्या विभागातील रसायने व फाउंड्रीतील धूळ यांपासून संरक्षणासाठी सर्किट बोर्डवर संरक्षक लेप दिलेली मॉडेले उपलब्ध असतात. कंट्रोललॉजिक्स मालिकेत अशा मॉडेलच्या शेवटी ‘के’ हे अक्षर असते, तर सीमेन्सच्या सिप्लस मालिकेतील संबंधित क्रमांक ‘६एजी१’ने सुरू होतात. लेप नसलेले उपकरण त्या जागी तूर्त चालते, पण प्रतिकूल वातावरणात त्याचे आयुष्य कमी होऊ शकते.

## आवृत्तीचे संकेत

### हार्डवेअर आवृत्ती

काही उत्पादक घडणीतील मोठा बदल ऑर्डर क्रमांकातच दाखवतात. सीमेन्सच्या ‘६ईएस७ ३१५-२ईएच१३-०एबी०’ आणि ‘६ईएस७ ३१५-२ईएच१४-०एबी०’ या दोन्ही उपकरणांचे नाव ‘सीपीयू ३१५-२ पीएन/डीपी’ असेच आहे. परंतु पहिल्याची कार्यस्मृती २५६ किलोबाइट, तर दुसऱ्याची ३८४ किलोबाइट आहे. दुसऱ्यासाठी लिहिलेला ३०० किलोबाइटचा प्रोग्रॅम पहिल्यात मावणार नाही. दर्शनी भागावरचे ठळक नाव पाहून केलेली अदलाबदल अशा ठिकाणी फसते. एस७-१२०० मालिकेतही ‘१एई३०’, ‘१एजी३१’ व ‘१एजी४०’ हे एकाच सीपीयूचे लागोपाठचे टप्पे आहेत.

काही उत्पादक मॉडेल क्रमांक तोच ठेवून बदल स्वतंत्रपणे नोंदवतात. अ‍ॅलन-ब्रॅडलीच्या लेबलवर ‘सीरिज ए’, ‘सीरिज बी’ असा उल्लेख असतो. श्नायडरच्या मोडिकॉन मॉड्यूलवर ‘पीव्ही’ म्हणजे उत्पादन-आवृत्ती, ‘आरएल’ म्हणजे प्रकाशन-स्तर आणि ‘एसव्ही’ म्हणजे सॉफ्टवेअर आवृत्ती, असे तीन आकडे दिलेले असतात. सीमेन्सच्या लेबलवरील ‘एफएस’ हा आकडा उपकरणाची कार्य-स्थिती सांगतो.

### फर्मवेअर आवृत्ती

फर्मवेअरची आवृत्ती बहुधा टिंबांनी विभागलेल्या आकड्यांत दिली जाते. पहिला आकडा मुख्य बदल, तर नंतरचे आकडे लहान सुधारणा व दोषनिवारण दाखवतात. ‘४.२’ नंतर ‘४.१०’ येऊ शकते. हे दशांश अपूर्णांक नसल्याने ‘४.१०’ ही ‘४.२’पेक्षा नवी आवृत्ती ठरते.

लेबलवरील फर्मवेअर आवृत्ती ही कारखान्यातून निघतानाची असते. नंतर कोणी फर्मवेअर अद्ययावत केले असेल, तर लेबल जुनेच राहते. म्हणून फर्मवेअरच्या बाबतीत लेबलपेक्षा उपकरणातून प्रत्यक्ष वाचलेली आवृत्ती प्रमाण मानली जाते.

### निर्मिती-दिनांक

ओम्रॉनच्या अनेक उपकरणांवरील लॉट क्रमांकात प्रथम दिवस, नंतर महिना व शेवटी वर्ष असते. ऑक्टोबर, नोव्हेंबर व डिसेंबरसाठी अनुक्रमे ‘एक्स’, ‘वाय’ व ‘झेड’ ही अक्षरे वापरतात. त्यानुसार ‘२८झेड१०’ म्हणजे २८ डिसेंबर २०१०. एबीबीच्या एसीएस३५५ ड्राइव्हच्या अनुक्रमांकात निर्मितीस्थळ, वर्ष, आठवडा, आवृत्तीचे अक्षर आणि त्या आठवड्यातील क्रम अशी माहिती एकत्र असते. दीर्घकाळ साठ्यात पडून राहिलेल्या ड्राइव्हमधील कपॅसिटर वापरापूर्वी पुन्हा सक्षम करावे लागतात. त्यासाठी निर्मितीचे वर्ष माहीत असणे आवश्यक असते.

## उपकरणातून वाचता येणारी ओळख

नेटवर्कला जोडलेली उपकरणे स्वतःची ओळख संदेशाद्वारे देऊ शकतात. प्रोफिनेटमध्ये ‘ओळख व देखभाल’ या नावाच्या नोंदींत उत्पादक, ऑर्डर क्रमांक, अनुक्रमांक, हार्डवेअर व सॉफ्टवेअर आवृत्ती असते. इथरनेट/आयपीमध्ये प्रत्येक उपकरणात उत्पादक, उपकरण-प्रकार, उत्पादन-संकेत, आवृत्ती व अनुक्रमांक यांचा ‘आयडेंटिटी ऑब्जेक्ट’ असतो. मॉडबसमध्येही उपकरणाची ओळख वाचण्यासाठी स्वतंत्र फंक्शन आहे. मात्र सर्व उपकरणे ते वापरतातच असे नाही. लेबलवरील क्यूआर संकेताद्वारे उपकरणाच्या डिजिटल माहितीपर्यंत पोहोचण्यासाठी आयईसी ६१४०६ ही मानक-मालिका आहे.

लेबल पॅनेलमध्ये अडचणीच्या जागी असल्यास किंवा तेल-उष्णतेने पुसट झाल्यास ही सोय उपयोगी पडते. परंतु उपकरण पूर्ण बंद पडल्यावर त्यातून काहीच वाचता येत नाही. म्हणून उपकरण चालू असतानाच ही माहिती नोंदवून ठेवणे इष्ट असते.

## सुसंगतता

जुन्या उपकरणाच्या जागी त्याच मॉडेलची नवी आवृत्ती चालावी, असा उत्पादकांचा सामान्यतः प्रयत्न असतो. याला मागील सुसंगतता म्हणतात. उलट दिशेने, म्हणजे नव्या आवृत्तीच्या जागी जुनी आवृत्ती, अशी खात्री क्वचितच दिली जाते. एस७-१२०० मालिकेत आवृत्ती ३.० साठीच्या प्रकल्पातील सीपीयू बदलून ४.० चा करता येतो. मात्र तसे केल्यावर तो प्रकल्प पुन्हा ३.० वर आणता येत नाही. म्हणून बदलापूर्वी मूळ प्रकल्पाची प्रत जपून ठेवणे आवश्यक असते.

कंट्रोललॉजिक्समध्ये नियंत्रकातील फर्मवेअरचा मुख्य क्रमांक प्रकल्पाच्या मुख्य क्रमांकाशी जुळावा लागतो. ‘१७५६-एल६१’ या जुन्या नियंत्रकाचे फर्मवेअर २० या मुख्य आवृत्तीच्या पुढे जात नाही. त्यामुळे पुढच्या आवृत्तीत तयार केलेला प्रकल्प त्यात भरता येत नाही.

याच प्रणालीत मॉड्यूल जुळते की नाही हे तपासणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक कीइंग’चे तीन पर्याय आहेत. ‘तंतोतंत जुळणी’मध्ये आवृत्तीसह सर्व माहिती समान असावी लागते. ‘सुसंगत मॉड्यूल’मध्ये अपेक्षित मॉड्यूलसारखे काम करू शकणारे, सहसा नव्या आवृत्तीचे, मॉड्यूल स्वीकारले जाते. तिसऱ्या पर्यायात तपासणी बंद असते. अडलेली उत्पादन-रेषा लवकर सुरू करण्यासाठी तपासणी बंद करण्याचा मोह होतो. पण त्यामुळे चुकीचे मॉड्यूलही स्वीकारले जाऊ शकते आणि यंत्राची हालचाल अनपेक्षित होऊ शकते.

## सुरक्षितता

पॉवर प्रेस, रोबो-कक्ष यांसारख्या ठिकाणी कामगाराचे रक्षण करणाऱ्या सुरक्षा-पीएलसी, सुरक्षा-रिले व प्रकाश-पडद्यांच्या बाबतीत आवृत्तीला विशेष महत्त्व असते. अशा उपकरणांची प्रमाणपत्रे ठरावीक हार्डवेअर व फर्मवेअर आवृत्त्यांसाठी दिलेली असतात. एकाऐवजी दुसरी आवृत्ती बसवल्यास ती मान्य यादीत असल्याचे पाहावे लागते आणि सुरक्षा-कार्याची चाचणी पुन्हा घ्यावी लागते. ‘१एएफ’च्या जागी ‘१एजी’ बसवणे हा येथे सुट्या भागाचा साधा बदल राहत नाही. त्याने संरक्षणच काढून घेतले जाते.

सायबर सुरक्षेच्या सूचनाही मॉडेल व फर्मवेअर आवृत्तीच्या आधारेच दिल्या जातात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सीमेन्सच्या एस७-१२०० व एस७-१५०० नियंत्रकांतील गुप्त कळींच्या संरक्षणातील त्रुटी जाहीर झाली. तिच्या निवारणासाठी एस७-१२०० मध्ये ४.५.० किंवा पुढील, तर एस७-१५०० मध्ये २.९.२ किंवा पुढील आवृत्ती वापरण्याची शिफारस करण्यात आली. आपल्याकडील नियंत्रकांच्या आवृत्त्यांची नोंद नसलेल्या कारखान्याला अशी सूचना आपल्याला लागू आहे की नाही, हेच ठरवता येत नाही.

२०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमने याच संकेतांचा उपयोग उलट हेतूने केला होता. तो सरसकट प्रत्येक पीएलसीवर हल्ला करत नसे. एस७-३१५-२ प्रकारच्या सीपीयूवर तो विशिष्ट संपर्क-मॉड्यूल आणि दोन ठरावीक उत्पादकांच्या ड्राइव्हचे ओळख-क्रमांक शोधत असे आणि ते सापडल्यावरच कार्यान्वित होत असे.

## उत्पादन-समाप्ती

उत्पादक आपल्या मॉडेलांची जीवनावस्था जाहीर करतात. रॉकवेल ऑटोमेशन त्यासाठी ‘सक्रिय’, ‘सक्रिय-परिपक्व’, ‘आयुर्मर्यादेचा अंत’ आणि ‘बंद’ या अर्थाच्या चार संज्ञा वापरते. सीमेन्सने एस७-३०० मालिकेची उत्पादन-समाप्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून जाहीर केली आणि त्यानंतर दहा वर्षे सुटे भाग देण्याचे धोरण ठेवले. ही अवस्था पूर्ण ऑर्डर क्रमांकावरून तपासावी लागते. मालिकेच्या नावावरून ती अचूक कळत नाही.

उत्पादन बंद झाल्यावर जुन्या व नूतनीकृत उपकरणांचा बाजार वाढतो. अशा खरेदीत मॉडेलबरोबर आवृत्ती लेखी मागणे, लेबलवरील अनुक्रमांक उपकरणातून वाचलेल्या अनुक्रमांकाशी ताडून पाहणे आणि खाडाखोड केलेले किंवा नव्याने चिकटवलेले लेबल संशयास्पद मानणे, या प्राथमिक दक्षता आहेत.

## नोंदीची पद्धत

पिंपरी-चिंचवड परिसरातील औद्योगिक क्षेत्रात गुरुवार हा साप्ताहिक सुट्टीचा दिवस म्हणून रूढ आहे. यंत्रे थांबलेली असताना पॅनेल उघडून लेबलांची छायाचित्रे घेणे व नोंदी तपासणे अशा दिवशी सोयीचे ठरते. उपयुक्त नोंदीत पुढील बाबी असतात :

* यंत्राचे नाव, पॅनेल व पॅनेलमधील उपकरणाची जागा;
* विरामचिन्हे व शेवटच्या अक्षरांसह पूर्ण मॉडेल क्रमांक;
* हार्डवेअर आवृत्ती किंवा सीरिज;
* उपकरणातून वाचलेली फर्मवेअर आवृत्ती व ती वाचल्याचा दिनांक;
* अनुक्रमांक;
* प्रोग्रॅम व ड्राइव्ह पॅरामीटरच्या प्रतीचे ठिकाण आणि त्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरची आवृत्ती.

क्रमांक हाताने उतरवताना शून्य व ‘ओ’, एक व ‘आय’, आठ व ‘बी’, पाच व ‘एस’ यांत गोंधळ होतो. त्यामुळे नोंदीसोबत छायाचित्र ठेवले जाते. मागणीपत्रात शेवटची अक्षरे गाळून लिहिलेला क्रमांक पुरवठादार आपल्या समजुतीप्रमाणे पूर्ण करतो आणि पुरवठा, आउटपुट किंवा आवृत्ती दर्शवणारी अक्षरे बहुधा त्याच भागात असतात.

संकेत वाचता येणे म्हणजे उपकरणाची पूर्ण माहिती असणे नव्हे. अक्षरांचा अर्थ मालिकेगणिक बदलतो आणि एखाद्या क्रमांकातील काही अक्षरांना स्वतंत्र अर्थ नसतो. अंतिम निर्णयासाठी त्या पूर्ण क्रमांकाचे माहितीपत्रक व उत्पादकाची सुसंगतता-सूची पाहणे आवश्यक असते.